तीन वर्षांची माया

टेप हातात घेण्याआधी गणवेशाच्या दुकानातल्या बाईंनी मला विचारलं, "आपली उंची किती? आणि यजमानांची?"

मी दोन्ही सांगितल्या. बाईंनी लेकीच्या पावलांकडे पाहिलं, तिचे हात पुढे करायला लावून मनगटं पाहिली, मग टेप फिरवली आणि कागदावर आकडे लिहिले. ते आकडे तिच्या त्या दिवसाच्या मापाचे नव्हते. पोरगी तीन वर्षांत किती वाढेल याचा तो हिशेब होता.

मला एकदम अप्पा दिसले. माझे वडील शिंपी. साताऱ्यात आमचं लहानसं दुकान. जून उजाडला की दारात रांग लागायची आणि शाळा उघडायच्या आदल्या रात्रीपर्यंत मशीन थांबायचं नाही. आई दिव्याखाली बसून काजं करायची, मी बटणं लावायचे. पोराचं माप घेताना अप्पा आधी त्याच्या आईबापाकडे एक नजर टाकायचे, मग ठरवायचे की याला माया किती ठेवायची. शिवणीच्या आत जे जादा कापड दाबून ठेवतात, ती माया. पुढच्या जूनमध्ये तेच पोरगं तीच चड्डी घेऊन आलं की टीप उसवायची, माया सोडायची, चड्डी बोटभर लांब. कापडाचे पैसे वाचले की त्या घरात वह्या येतात, हे अप्पांना ठाऊक होतं.

लेकीच्या मापाची ही गोष्ट २०२२ च्या फेब्रुवारीतली. आम्ही टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा प्रभागात निशिकासाईला राहतो. या भागात भारतीय कुटुंबं बरीच आहेत. त्यातली पुष्कळशी मुलांना इंग्रजी माध्यमाच्या भारतीय शाळेत घालतात. आम्ही लेकीला पहिलीपासून घराजवळच्या जपानी सरकारी शाळेत घातलं. तिच्या प्राथमिक शाळेत गणवेश नव्हता. टोकियोतल्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळांत नसतो. पहिलीला पिवळी टोपी, पाठीवर रान्दोसेरु हे कडक चामडी दप्तर, बाकी कपडे घरचे. सहा वर्षं ती सकाळी उठून आपल्या आवडीचा टी-शर्ट शोधायची. सातवीला, म्हणजे च्यूगाक्को या सातवी ते नववीच्या शाळेच्या पहिल्या वर्षाला, सगळं एका दिवसात बदलतं. मुलं काळ्या बंद गळ्याच्या कोटात, मुली सेलर-फुकु या खलाशी कॉलरच्या गणवेशात, आणि गल्लीतल्या माणसांना कळतं की ही आता लहान नाहीत.

त्याची सुरुवात जानेवारीत सेत्सुमेइकाईने होते. सेत्सुमेइकाई म्हणजे पालकांना शाळेची माहिती द्यायची सभा. घरून आणलेल्या सपाता पायात घालून आम्ही थंडगार जिमखान्यात घडीच्या खुर्च्यांवर बसलो. एक पुस्तिका मिळाली. त्यात गणवेशाची दोन पानं होती, चित्रांसकट: समोरून, मागून, बाजूने. स्कर्ट गुडघा झाकेल इतका. मोजे पांढरे. केसांचं रबर काळं, गडद निळं किंवा तपकिरी. लांब केस खांद्याला टेकले की बांधायचे. शेवटी एक ओळ होती, कानात काही घालू नये. त्या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली. नेमून दिलेल्या दुकानांची नावं मागच्या पानावर होती. फेब्रुवारी संपायच्या आत माप द्यायचं, मार्चच्या उत्तरार्धात कपडे हातात येणार.

मापं घेण्याला इथे साइसुन म्हणतात. दुकान स्टेशनजवळ, वयस्कर जोडप्याचं. आत वर्षभर बहुधा शुकशुकाट असावा, पण त्या शनिवारी सहावीची सगळी मुलं आयांसोबत रांगेत उभी होती. नमुन्याचे कपडे अंगावर चढवून पाहायचे होते. लेकीने पडद्याआड सेलर-फुकु घातला आणि ती बाहेर आली तेव्हा मी काही बोलू शकले नाही. गडद निळी सर्ज, पाठीवर चौकोनी कॉलर, कॉलरच्या कडेने पांढऱ्या तीन रेघा, आणि २४ प्लेट्सचा स्कर्ट. मी स्कर्ट हातात घेऊन पाहिला. वजनदार होता. लोकर आणि पॉलिएस्टरचं मिश्रण, घरी धुता येईल असं.

नमुन्याची बाही हाताच्या अंगठ्यापर्यंत येत होती. लेक नाराज झाली. बाई तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "सान-नेनकान देसु कारा ने." तीन वर्षांचा प्रश्न आहे ना. मग त्यांनी बाहीचं टोक उलटं करून मला आतली बाजू दाखवली. आत कापड दुमडलेलं होतं, आणि एक वेगळ्या रंगाचा दोरा धावत होता. तो एक दोरा कापला की बाही तीन सेंटिमीटर लांब होते, इस्त्री फिरवायची, शिवायची गरज नाही. स्कर्टच्या खालच्या पट्टीतही भरपूर दुमड, आणि कमरेला हूक सरकवायची सोय. मी तो दुमडलेला भाग चिमटीत धरून पाहत राहिले. जपानीत त्याला काय म्हणतात ते त्यांनी सांगितलं, पण माझ्या तोंडात मराठी शब्दच आला. माया.

बाजूच्याच हँगरवर त्याच कापडाची पँट टांगलेली होती. मुलींनी स्कर्ट घ्यावा की स्लॅक्स, ते त्यांनी ठरवायचं, असं शाळेने पुस्तिकेत लिहिलं होतं. ही सोय फार जुनी नाही. टोकियोच्याच नाकानो प्रभागातल्या सहावीतल्या एका मुलीला च्यूगाक्कोत स्कर्ट घालायचा नव्हता. तिने प्रभागाच्या प्रमुखांकडे मागणी नेली, आणि २०१९ पासून तिथल्या सगळ्या सरकारी च्यूगाक्कोंत मुलींना स्लॅक्स निवडता येऊ लागले. सेतागाया प्रभागानेही त्याच सुमारास तेच केलं. चिबा प्रांतातल्या काशिवा शहरात २०१८ मध्ये उघडलेल्या एका नव्या शाळेने तर मुलगा-मुलगी हा भेदच गणवेशातून काढून टाकला होता. माझ्या लेकीने स्लॅक्सला हात लावून पाहिला, क्षणभर थांबली, आणि स्कर्ट घेतला. तिच्या वर्गातल्या एका मुलीने स्लॅक्स घेतले. कोणी काही म्हटलं नाही, आणि एवढं साधं वाटावं यासाठी कुणीतरी बारा वर्षांची पोर आधी एकटी बोलली होती, हे मला फार मोठं वाटतं.

हिवाळी जोड, उन्हाळी पांढरा ब्लाउज आणि पातळ स्कर्ट, खेळाचे कपडे, वर्गात घालायचे बूट, दप्तर. सगळं मिळून बिल ७० हजार येनांच्या वर गेलं. त्यातला नुसता हिवाळी गणवेश ३५ हजारांच्या घरातला. सरकारी शाळेत फी नाही, पुस्तकं फुकट, आणि कपड्यांना एवढे पैसे, हे इथल्या आयांनाही टोचतं. २०१७ मध्ये जपानच्या व्यापारस्पर्धा आयोगाने सरकारी च्यूगाक्कोंच्या गणवेशांच्या खरेदी-विक्रीची चौकशी केली आणि दुकानं ठरवताना स्पर्धेला वाव ठेवा, असं शाळांना सुचवलं. उत्पन्न कमी असलेल्या घरांना नगरपालिका प्रवेशाच्या खर्चासाठी मदत देते, आणि हल्ली ती पुष्कळ ठिकाणी प्रवेशाआधीच मिळते, म्हणजे मापाच्या वेळी हात रिकामा राहत नाही. तरी दुकानात माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंनी उन्हाळी ब्लाउज एकच मागितला. मी आमच्यासाठी दोन लिहिले होते आणि मला ओशाळल्यासारखं झालं.

कपडे हातात यायला महिनाभर होता. त्या महिन्यात मी लेकीसोबत वाचत बसले, की हे खलाशाचे कपडे शाळकरी मुलींच्या अंगावर आले कसे.

मुलांचा गाकुरान, म्हणजे तो काळा बंद गळ्याचा कोट, आधीचा. गाकुशुइन या शाळेने १८७९ मध्ये बंद गळ्याचा, हुकांचा गणवेश आणला. १८८६ मध्ये टोकियोच्या शाही विद्यापीठाने काळा बंद गळा आणि सोनेरी बटणं घेतली, आणि मग तेच रूप देशभर पसरलं. नावातला 'रान' म्हणजे हॉलंड. परदेशी कापडाला, परदेशी बेतालाच पूर्वी तिथे डच म्हणत. लष्करी कपड्याची ती छाप आजही दिसते. मुलींची वाट लांबची होती. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) शाळेत जाणाऱ्या मुली किमोनोवर हाकामा हा घागऱ्यासारखा घोळदार पोशाख घालायच्या, कारण नुसत्या किमोनोत धड चालता येत नाही, बाकावर बसता येत नाही. तो गर्द लालसर तपकिरी हाकामा आजही पदवीदान समारंभात मुली भाड्याने आणून नेसतात.

सेलर-फुकुच्या जन्माबद्दल दोन-तीन शाळांचा दावा आहे. क्योटोच्या हेइआन जोगाकुइनने १९२० मध्ये खलाशी कॉलरचा, कमरपट्ट्याचा सलग झगा आणला. नागोयाच्या किंजो गाकुइनचंही नाव घेतात. मला मात्र फुकुओका जोगाकुइनची हकीकत सगळ्यांत जवळची वाटते. तिथल्या मुख्याध्यापिका एलिझाबेथ ली या अमेरिकन मिशनरी. मुलींना मोकळेपणी खेळता यावं, व्यायाम करता यावा, म्हणून त्यांना वेगळा पोशाख हवा होता. त्यांनी स्वतःकडचे खलाशी कॉलरचे कपडे फुकुओकातल्या एका शिंप्यापुढे ठेवले. त्या शिंप्याने पुन्हा पुन्हा नमुने शिवले, तेव्हा कुठे बाईंच्या मनासारखं काम झालं, आणि १९२१ मध्ये वरचा ब्लाउज आणि खाली प्लेट्सचा स्कर्ट असा दोन भागांतला गणवेश मुलींच्या अंगावर आला. तो शिंपी त्याआधी पुरुषांचे कोट शिवत असणार. बाईमाणसाच्या अंगाला बसेल, धावताना ताणणार नाही असा मुंढा कापणं किती अवघड, ते मी घरी पाहिलं आहे. अप्पांना मी फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पहिले नमुने वाया गेले असतील त्याचे. पैसे कुणी दिले?" याचं उत्तर मला कुठे सापडलं नाही.

कॉलरचेही इलाखे आहेत. टोकियोच्या बाजूची कॉलर वेगळी, कान्साईची, म्हणजे ओसाका-क्योटोकडची, वेगळी, नागोयाची मोठी आणि खांद्यावर पसरलेली, सप्पोरोची आणखी निराळी. जाणकार बाई रेल्वेत एखाद्या मुलीच्या पाठीकडे पाहून ती कुठली ते सांगू शकते. आपल्याकडे लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून गाव ओळखायचे, तसं.

मार्चच्या शेवटी खोकं आलं. ब्लाउजच्या आत लेबल होतं, ओकायामा प्रांताचं. जपानच्या शालेय गणवेशांचा फार मोठा भाग त्या एका प्रांतात शिवला जातो, आणि त्यातही कुराशिकी शहरातल्या कोजिमात. कोजिमाची जमीन समुद्र हटवून मिळवलेली. मातीत मीठ, भात होईना, म्हणून शेतकऱ्यांनी कापूस लावला, कारण कापूस मीठ सोसतो. कापसातून विणलेले बंद आले, मग ताबी हे अंगठा वेगळा असलेले मोजे आले. लोक किमोनो सोडून बूट घालू लागले तसे ताबी खपेनात, तेव्हा जाड कापड शिवणारी तीच मशीनं आणि तेच हात गणवेशांकडे वळले. १९६५ मध्ये जपानी जीन्सही तिथेच शिवली गेली. खाऱ्या जमिनीतून माझ्या लेकीच्या अंगावरच्या कपड्यापर्यंतचा हा रस्ता वाचून मी ती शिवण पुन्हा एकदा उलटी करून पाहिली. टीप सरळ, इंचात दाट टाके, दोऱ्याचं एकही टोक सुटलेलं नाही. खिशाच्या आत तिचं आडनाव काताकाना लिपीत भरतकामाने काढलं होतं.

न्यूगाकुशिकी, म्हणजे प्रवेशसमारंभ, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. चेरीचा बहर ओसरत आला होता. शाळेच्या फाटकावर समारंभाची पाटी लावलेली, आणि तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायला कुटुंबांची रांग. आमच्या गल्लीत एक आजी आहेत, दारातल्या कुंड्यांना पाणी घालत असतात. सहा वर्षं त्या लेकीला "ओहायो" म्हणायच्या, लहान मुलांना म्हणतात तसं. त्या सकाळी त्यांनी झारी खाली ठेवली, कमरेतून वाकल्या आणि "ओमेदेतो गोझाइमासु" म्हणाल्या. अभिनंदन, आणि तेही मोठ्या माणसाला म्हणावं तसं. लेक गोंधळली, मग तीही तशीच वाकली. तोवर मी गणवेश म्हणजे शाळेची शिस्त असं समजत होते. त्या झारीपाशी मला कळलं की इथे तो गावाने मुलाला दिलेला मानही आहे.

मान मिळतो तशी नजरही मिळते. गणवेशातलं मूल सिग्नल तोडेल तर शाळेत फोन जातो. वाटेत दुकानात शिरायचं नाही. थंडीत स्कर्टखाली पाय गारठायचे, तर काळी टाइट्स चालतील का हे विचारायला मला शिक्षकांना चिठ्ठी लिहावी लागली. चालतील, असं उत्तर आलं.

कानांचं मात्र सोपं नव्हतं. तिचे कान बाराव्या दिवशी टोचलेले, आणि माझ्या आईने तिला सोन्याच्या बारीक बाळ्या दिलेल्या. प्राथमिक शाळेत कुणी कधी काही म्हटलं नाही. च्यूगाक्कोच्या दुसऱ्या आठवड्यात वर्गशिक्षकांचा फोन आला. ते नम्रपणे बोलत होते, पण नियम सगळ्यांना सारखा, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होते. आमच्याकडे हा नट्टापट्टा नव्हे, संस्कार आहे, हे मी माझ्या तुटपुंज्या जपानीत समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वरिष्ठांशी बोलतो म्हणाले. दहा दिवस काही निर्णय नाही. त्या दहा दिवसांत लेक रोज सकाळी केस कानांवर ओढून जायची, आणि केस बांधायचा नियम असल्यामुळे तेही तिला जमायचं नाही. त्या दिवसांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. एका मुलीच्या कानाच्या पाळीवर प्रौढ माणसांनी बैठका घ्याव्यात, आणि तोवर ती काय तोंडाने वर्गात बसते याचा विचार कुणी करू नये, हे चूक होतं. इथे केसांच्या, मोज्यांच्या, आतल्या कपड्यांच्या रंगापर्यंत गेलेल्या अशा नियमांना 'ब्लॅक कोसोकु', काळे नियम, म्हणतात. त्याच एप्रिलपासून टोकियोच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळांनी त्यातले बरेच काढून टाकले होते. आमच्या लहान शाळेपर्यंत ते वारं पोचायचं होतं.

शेवटी पारदर्शक प्लॅस्टिकच्या काड्या घालायला परवानगी मिळाली. बाळ्या लेकीने स्वतः काढल्या आणि देवघरातल्या डबीत ठेवल्या. आईला मी हे सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

१ जूनला कोरोमोगाए. त्या दिवशी जवळजवळ सगळा देश हिवाळी कपड्यांतून उन्हाळी कपड्यांत जातो, आणि १ ऑक्टोबरला परत. मूळ चाल हेइआन काळातल्या, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या, दरबारची, आणि मेइजी काळात सरकारी गणवेशांसाठी या दोन तारखा ठरल्या. हल्ली उन्हाळा लवकर येतो म्हणून शाळा दोन-तीन आठवड्यांची मोकळीक देतात. ऋतू बदलला की कपाटातलं सगळं बाहेर काढायचं, हिवाळी स्कर्ट धुलाईवाल्याकडे द्यायचा, कापूर-गोळ्या घालून ठेवायचा. हे काम मला आवडू लागलं. स्कर्टच्या २४ प्लेट्स रोज रात्री लेक गादीखाली ठेवून सरळ करायची, मी सांगितलेलं नसताना. मैत्रिणीने शिकवलं होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आम्ही हिरोशिमाला गेलो. शांतता संग्रहालयात ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळचे शाळकरी मुलांचे कपडे ठेवले आहेत. लेकीच्याच वयाची ती मुलं. आगीचे पट्टे मोकळे करायला घरं पाडण्याच्या कामावर त्यांना शहराच्या मधोमध नेलं होतं, आणि त्यांतली हजारो परत आली नाहीत. युद्धात लोकरीचं कापड मिळत नव्हतं, म्हणून जुन्या कपड्यांतून आयांनी घरी शिवलेले सदरे, मोंपे नावाच्या सैल विजारी. काचेमागे करपलेल्या चिंध्या, काहींवर शिवलेली नावपट्टी. एका सदऱ्याची शिवण फाटून उघडी पडली होती आणि मला आतली दुमड दिसली. पुढच्या वर्षासाठी ठेवलेली. मी तिथून लवकर बाहेर आले. लेक बराच वेळ आत थांबली. परतीच्या शिंकान्सेनमध्ये तिने विचारलं, "आई, नावपट्टी का लावायचे, ते कळलं ना तुला?" मला कळलं होतं. ती पुढे काही बोलली नाही.

दुसऱ्या वर्षात ती एकदम वाढली. बाहीचा दोरा कापायची वेळ आली. स्कर्टही गुडघ्याच्या वर गेला आणि शाळेतून चिठ्ठी आली. दुकानात द्यायचा की घरी करायचं, असा विचार चालू असतानाच २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत चार वर्षांनी साताऱ्याला जायचं ठरलं. मी हिवाळी जोड बॅगेत भरली.

अप्पांनी दुकान सोडून बरीच वर्षं झाली, पण मशीन घरात खिडकीशी आहे. त्यांनी चष्मा लावला, ब्लाउज हातात घेतला आणि सगळ्यांत आधी तो उलटा केला. कापड कसं शिवलंय ते आतून बघतात, बाहेरून सगळेच बघतात, असं ते आम्हाला शिकवायचे. शिवणींवरून अंगठा फिरवत गेले. मुंढ्यापाशी थांबले. कॉलरचा कोपरा चिमटीत धरून किती पदर आहेत ते मोजलं. बाहीतला तो रंगीत दोरा सापडला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे कुणाच्या डोक्यातनं आलं गं?"

"तिकडे असंच करतात, अप्पा. ज्याला शिवता येत नाही त्या आईलाही उसवता यावं म्हणून."

ते कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शिंप्याचं गिऱ्हाईक जातं की. पण बरोबर केलंय." कातर त्यांनी नातीच्या हातात दिली. "तूच काप, बाळ. तुझी बाही आहे." तिने कापला. दोरा सळकन सुटून आला, आणि आतलं कापड बाहेर आलं, बाहेरच्यापेक्षा गडद निळं, न विटलेलं. दीड वर्षाचं ऊन त्यावर पडलंच नव्हतं.

स्कर्ट त्यांनी कुणाला करू दिला नाही. २४ प्लेट्स मोडू न देता खालची पट्टी उसवायची, लांबी सोडायची आणि पुन्हा तुरपाई घालायची, म्हणजे प्रत्येक प्लेट वेगळी टाचून घ्यावी लागते. दोन दुपारी ते खिडकीशी बसले होते. हात थोडा कापतो आता. टाका बाहेरून दिसायला नको म्हणून एकेक धागा उचलत होते. चार सेंटिमीटर सोडलं आणि दोन आत ठेवलं. "अजून वाढंल ती," म्हणाले.

तिसऱ्या वर्षी शाळेने पालकांना प्रश्नावली पाठवली. २०२५ च्या एप्रिलपासून नव्या मुलांना ब्लेझर द्यायचा विचार आहे, मुलगा-मुलगी सगळ्यांना एकच, खाली स्कर्ट किंवा स्लॅक्स आपापल्या मर्जीने. सेलर-फुकु आणि गाकुरान हळूहळू बंद. हे सगळीकडे चाललं आहे. कारणं खरी आहेत: ज्या मुलाला किंवा मुलीला अंगावर शिक्का नको आहे त्याला-तिला मोकळं वाटतं, ब्लेझर आतबाहेर घालता-काढता येतो, बटणं उलट-सुलट दोन्ही बाजूंनी लावता येतात. मी कागद चार दिवस टेबलावर ठेवला. शंभर वर्षांपूर्वी फुकुओकातल्या त्या बाईंनी मुलींना धावता यावं म्हणून किमोनो सोडायला लावला, तेव्हाही कुणाच्या तरी आईला वाईट वाटलं असेल. मी ब्लेझरच्या रकान्यात खूण केली. कॉलरवरच्या तीन रेघा पुन्हा कुठल्या नव्या मुलीच्या पाठीवर दिसणार नाहीत याचं दुःख आजही होतं, आणि खूण बरोबरच केली असंही वाटतं.

मार्चमध्ये सोत्सुग्योशिकी झाली. निरोपाच्या त्या समारंभानंतर मैदानात जुनी रीत पाहिली. मुलं गाकुरानचं वरून दुसरं बटण काढून देतात, ज्या मुलीला द्यायचं तिला. ते बटण काळजाच्या सगळ्यांत जवळ असतं म्हणून, असं सांगतात. एका मुलाच्या कोटाला एकही बटण उरलं नव्हतं आणि तो हसतही होता आणि रडतही होता. लेकीने तिचा स्कार्फ बॅडमिंटनच्या गटातल्या एका कोहाईला, म्हणजे खालच्या वर्गातल्या मुलीला दिला. त्या मुलीने तो दोन्ही हातांनी घेतला.

गणवेश शाळेच्या पालक संघाकडे द्यायचा होता. खालच्या दोन वर्गांतल्या मुली अजून सेलर-फुकुच घालणार होत्या, आणि जुने कपडे धुऊन, नीट करून, अगदी थोड्या पैशांत त्यांना मिळतात. लहान भावंडाला मोठ्याचं देतात त्याला इथे ओसागारी म्हणतात, तोच शब्द या कपड्यांनाही वापरतात. मी धुलाईवाल्याकडून आणला, खिशातलं भरतकामाचं आडनाव सुईने एकेक टाका उचलून काढलं. स्कर्टपाशी आले आणि थांबले. अप्पांची तुरपाई तशीच होती. एकही टाका तुटला नव्हता. खालची पट्टी उलटी करून मी टेप लावली.

शनिवारी शाळेच्या एका खोलीत दोन पालक बायका कपडे घेत होत्या. एकीने ब्लाउजची बाही पाहिली, दोरा गेलेला आहे अशी नोंद केली. मग स्कर्ट उलटा केला, तुरपाईवरून बोट फिरवलं, आणि विचारलं, "हे दुकानातलं नाही ना?"

"माझ्या वडिलांनी केलंय. भारतात. अजून दोन सेंटिमीटर आहे आत, सोडता येईल."

तिने टेप लावून मोजलं. मग एका चिठ्ठीवर पेनाने लिहिलं, 'खालून २ सेंटिमीटर सोडता येईल', चिठ्ठी पिनेने कमरेच्या पट्टीला टाचली आणि स्कर्ट घडी घालून १६० मापाच्या खोक्यात ठेवला.